नाव झाकलेला नकाशा आणि लासलगाव

समजा, तुमच्यासमोर एक चौकोनी चित्र ठेवले. उपग्रहाने टिपलेले, थेट वरून खाली पाहणारे. त्यावर गावाचे नाव नाही, रस्त्याचा क्रमांक नाही, उत्तर दाखवणारा बाण नाही की मोजपट्टी नाही. मधोमध घरांचा दाट पुंजका. एक बारीक गडद रेघ चित्र तिरके कापत गेलेली. वस्तीला लागून राखाडी रंगाचे मोठे मोकळे आवार, त्यात ओळीने उभे असलेले शेकडो ठिपके. चहूबाजूंनी तुकड्यातुकड्यांची शेती, आणि त्या शेतीत विखुरलेले काळे-निळे चौकोन आणि लांबट, अरुंद छपरे. हे ठिकाण कोणते?

निफाड तालुक्यातला वाचक क्षणभर पाहील आणि म्हणेल, लासलगाव. कशावरून ओळखले, असे विचारले तर मात्र तो थोडा अडखळेल. या लेखात त्या ‘कशावरून’चाच शोध घ्यायचा आहे.

नाव झाकलेली हवाई चित्रे ओळखण्याचा खेळ आज जगभर खेळला जातो. नासाचे ‘अर्थ ऑब्झर्व्हेटरी’ हे संकेतस्थळ वाचकांना अशी कोडी घालत आले आहे. खेळामागचे शास्त्र मात्र जुने आहे आणि गंभीरही. १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यात बसून जमिनीचे छायाचित्र घेतले, तिथपासून त्याची सुरुवात धरतात. दोन महायुद्धांत हे शास्त्र झपाट्याने वाढले. इंग्लंडमधल्या मेडमनम येथे शेकडो जण दिवसरात्र भिंगाखाली छायाचित्रे वाचत बसत. १९४३ साली तिथल्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी पेनेमुंडेच्या एका छायाचित्रात उतरत्या रुळांवर ठेवलेला विमानासारखा लहानसा ठिपका हेरला. ते जर्मनीचे व्ही-१ हे उडते अस्त्र होते. आपल्याकडे १९६६ साली डच सहकार्याने डेहराडूनला ‘इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था ती हीच. हवाई चित्र वाचताना रंगाची छटा, पोत, आकार, आकारमान, मांडणी, सावली, जागा आणि आसपासची सोबत या आठ गोष्टी पाहायच्या, असे या विद्येत शिकवतात. माझ्या मते या आठांत सर्वांत मोलाची शेवटची. एकटी वस्तू फसवते; तिच्या शेजारी काय आहे ते पाहिले की ती क्वचितच फसवते.

आता आपल्या चित्राकडे वळू. पहिला प्रश्न आकारमानाचा. मोजपट्टी नसली तरी माणसाने जमिनीवर ठरावीक मापाच्या कितीतरी वस्तू करून ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू शाळेच्या मैदानात सापडते. मैदानाच्या मध्यभागी गवत झिजून उघडी पडलेली फिकट पट्टी म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. यष्टीपासून यष्टीपर्यंत २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये हे माप कमीजास्त होते, पण अंदाजाला पुरते. दुसरी मदत रेल्वेची. रुळावर उभा असलेला प्रवासी डबा साधारण २२ ते २४ मीटरांचा. एवढे हाती आले की बाकीचे चित्र भराभर मोजता येते: हे शेत किती गुंठ्यांचे, हे छप्पर किती लांबीचे, हे आवार किती एकरांचे.

मग दिशा. इथे सावली कामाला येते, आणि इथेच नवखा माणूस हमखास चकतो. पृथ्वीचे निरीक्षण करणारे बरेचसे उपग्रह सूर्याशी जुळवलेल्या कक्षेत फिरतात आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातात. त्या वेळी हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येकडे पडतात. लासलगाव सुमारे २०.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंश वर असतो, म्हणजे पाण्याच्या टाकीची सावली जवळपास टाकीच्या उंचीएवढीच पडते. सावली मोजली की उंची कळली. २० मे आणि २३ जुलैच्या आसपास सूर्य माध्यान्हीला थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या दरम्यान तर दुपारची सावली दक्षिणेला पडते. म्हणजे सावलीवरून दिशा, उंची आणि ऋतू या तिन्हींचा अंदाज घेता येतो.

चकवा असा की आपला मेंदू उजेड वरून येतो असे गृहीत धरतो. नकाशात उत्तर वरच्या बाजूला ठेवण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडे बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूला असतो. परिणामी डोंगर दरीसारखा दिसतो आणि दरी डोंगरासारखी. लासलगावच्या उत्तरेला चांदवडकडे सातमाळ्याची रांग आहे. तिचे हिवाळ्यातले उपग्रहचित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला डोंगराच्या धारा खोल घळीसारख्या भासतात. उपाय साधा आहे: चित्र उलटे फिरवायचे. खालची बाजू वर केली की उजेड वरून येतो आणि डोंगर पुन्हा डोंगर होतात. घरी फोनवर हे जरूर करून पाहा.

सातमाळ्याच्या रांगेनेच पुढचा धागा दिला. सपाट माथे, त्याखाली कडा, मग उतार, मग पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसल्या की आपण दख्खनच्या पठारावर आहोत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. कठीण थराचे कडे झाले, मऊ थराचे उतार झाले. त्याच बेसाल्टची झीज होऊन काळी जमीन झाली. चित्रातली माती गडद करडी-काळी असेल आणि चित्राच्या कडेला पायऱ्यांचे डोंगर असतील, तर कोकण वगळता येते. तिथे जांभ्याचे तांबूस सडे दिसले असते. पंजाबही वगळता येतो आणि तमिळनाडूही. शोध असाच चालतो. उत्तर एकदम सापडत नाही. नसलेली उत्तरे एकेक करून बाजूला सारावी लागतात.

आता रेघा वाचू. वरून पाहताना नदी, कालवा, रस्ता आणि रेल्वे या चारही गोष्टी रेघाच दिसतात, पण प्रत्येकीच्या वळणाची कारणे वेगळी आहेत. नदी उताराच्या शोधात वळते, तिची रुंदी जागोजाग बदलते. कालवा समपातळी धरून चालतो. म्हणून टेकडी आली की तिच्या पोटाला चिकटून वळसा घेतो, रुंदी मात्र तीच ठेवतो. पालखेडचा डावा कालवा निफाडहून येवल्याकडे जातो, त्याचा माग चित्रात असाच काढता येतो. एका अंगाला हिरवे आणि दुसऱ्या अंगाला फिकट, अशी त्याची खूण. रस्ता शेताच्या कोपऱ्यावर काटकोनात वळू शकतो. रेल्वेला ते जमत नाही. तिची वळणे लांब आणि सौम्य असतात, आणि मालधक्का असलेल्या स्थानकाजवळ एका रुळाचे अनेक रूळ होऊन पुन्हा एक होतात. आपल्या चित्रातली तिरकी गडद रेघ अशीच आहे. ती नैर्ऋत्येकडून येते आणि ईशान्येकडे जाते. नाशिकरोड, निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड हा मुंबई-भुसावळ लोहमार्ग.

या एका रेघेने बरेच दावेदार बाद होतात. पिंपळगाव बसवंतची बाजारपेठही कांद्यासाठी गाजलेली, पण ते गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, तिथून रेल्वे जात नाही. उमराणेही त्याच महामार्गावरचे. येवल्याला रेल्वे आहे, मात्र ती मनमाड-दौंड मार्गाची, दक्षिणोत्तर. मनमाड तर लगेच ओळखू येते, कारण तिथे लोहमार्गाला फाटे फुटतात आणि अन्न महामंडळाच्या गोदामांची लांबच लांब छपरे दिसतात. उरतात ती या पट्ट्यातली रेल्वेकाठची थोडी गावे.

शेतांकडे पाहू. अमेरिकेच्या मध्यभागातली शेती वरून मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली दिसते, कारण १७८५ च्या कायद्याने जमीन वाटतानाच ती तशी मोजली होती. आपल्याकडे बांधांनी ओढ्याचा, उताराचा आणि वाटणीचा इतिहास जपला आहे. एका मूळ शेताच्या लांबट पट्ट्या झालेल्या दिसल्या की तिथे भावाभावांत वाटण्या झाल्या असाव्यात. प्रत्येकाला रस्ता आणि विहीर यांचा वाटा मिळावा म्हणून पट्ट्या अनेकदा उभ्याच पडतात.

त्या तुकड्यांत दोन पिके ठळक ओळखू येतात. एकसारख्या अंतराच्या समांतर, दाट रेघा म्हणजे द्राक्षबाग. मांडवाच्या ओळी बारीक तपशिलाच्या चित्रात मोजतासुद्धा येतात. बागेचे आणखी एक लक्षण म्हणजे तिचे वेळापत्रक. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. या दोन्ही वेळी बाग वरून जवळजवळ उघडी दिसते आणि शेजारचा ऊस त्याच वेळी हिरवागार असतो. दुसरे पीक म्हणजे कांदा. लहान वाफ्यांची बारीक चौकट, हिरवा रंग काहीसा विरळ. कांद्याची पात नळीसारखी आणि उभी. दोन रोपांमधली माती वरून दिसत राहते, त्यामुळे गव्हासारखा भरगच्च हिरवेपणा येत नाही. शेतात मधूनमधून दिसणारे काळे-निळे चौकोन म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाने अस्तर केलेली शेततळी. निसर्गातल्या पाण्याला काटकोन नसतो. काटकोनी पाणी दिसले की ते माणसाने अडवलेले आहे.

आणि त्या लांबट अरुंद छपरांबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण माझ्या मते या भागाची ती सहीच आहे. त्या कांदा चाळी आहेत. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि शेतकरी तो चाळीत भरून पुढे चार-सहा महिने टप्प्याटप्प्याने बाजारात नेतो. काढलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. ढीग रुंद झाला तर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोहोचत नाही, तिथे ऊब साठते आणि सड लागते. म्हणून चाळीचा कप्पा चार फुटांच्या आसपास रुंद ठेवतात, तळाशी आणि बाजूंना हवा खेळायला फटी ठेवतात, आणि साठवण वाढवायची तर रुंदी न वाढवता लांबी वाढवतात. तीही पन्नास फुटांपुढे नेऊ नये असा सल्ला असतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी आणि दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम, अशी शिफारस आहे. शेकडो किलोमीटर उंचीवरून दिसणाऱ्या त्या छपराचा आकार असा आतल्या कांद्याच्या श्वासाने ठरवलेला आहे.

चाळीशी गोंधळ होऊ शकेल अशी दुसरी वस्तू म्हणजे कोंबड्यांची शेड. तीही लांबट आणि बाजूंनी जाळीची. पण ती कितीतरी मोठी असते, ऊन थेट आत येऊ नये म्हणून साधारणपणे पूर्व-पश्चिम बांधतात आणि अनेकदा दोन-तीन शेड समांतर उभ्या असतात. चाळ बहुधा वस्तीवरच्या घराला लागून, ट्रॅक्टर थेट भिडेल अशी रस्त्याकडेला असते. इथे पुन्हा सोबतच निकाल देते.

राहिले ते राखाडी आवार आणि त्यातले ठिपके. ठिपके मोठे करून पाहिले तर प्रत्येकाचे दोन भाग दिसतात, पुढे लहान आणि मागे मोठा चौकोन: ट्रॅक्टर आणि ट्रॉली. त्यांच्या आगेमागे पिकअप. रांगा सरळ आणि मधून माणसे फिरतील एवढे अंतर, कारण लिलावात व्यापारी एकेका वाहनापाशी जाऊन बोली लावत पुढे सरकतात. आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती १९४७ साली स्थापन झालेली लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समिती हीच. आवाराच्या आसपास व्यापाऱ्यांची खळी आहेत. तिथे माल ओततात, प्रत लावतात, गोणीत भरतात. तपशील चांगला असेल तर खळ्यातल्या ढिगांच्या तांबूस छटेवरूनसुद्धा ओळख पटते. रेल्वे, बाजाराचे आवार, खळी, चाळी आणि द्राक्षबागा हे सगळे एकाच चौकोनात. कोडे सुटले.

चित्र कोणत्या वेळचे, हा प्रश्न तरीही उरतोच. आवार रिकामे दिसले म्हणजे बाजारपेठ मोडली असे नव्हे. ते सुटीच्या दिवसाचे चित्र असेल. किंवा २० सप्टेंबर २०२३ नंतरच्या दिवसांतले असेल; ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. फोनवरच्या नकाशात तर आणखी एक गोम असते. तिथे दिसणारा अखंड प्रदेश वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांचे तुकडे जोडून केलेला असतो. एका बांधाच्या अलीकडे जानेवारी आणि पलीकडे मे, असे सहज होते. म्हणून समाजमाध्यमांवर ‘आजचे दृश्य’ म्हणून एखादे हवाई छायाचित्र फिरू लागले की आधी पीक पाहावे, सावली पाहावी, नव्या बांधकामाची छपरे पाहावी. जुने चित्र नव्या नावाने खपवणारे बहुधा याच तीन ठिकाणी उघडे पडतात.

वरून सगळेच कळते, असाही समज नको. लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ प्रकल्प आहे, २००२ पासून. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणे रोखता येते. २००७ साली अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्यावर याच ठिकाणी प्रक्रिया झाली होती. पण हवाई चित्रात ती इमारत म्हणजे एक छप्पर. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट आहे की खताची पोती, हे छप्पर सांगत नाही. ते जमिनीवरच्या माणसालाच माहीत असते.

उपग्रहाची नजर किती बारीक, हे मीटरमध्ये सांगण्याऐवजी गुंठ्यात सांगितले तर शेतकऱ्याला लगेच उमगेल. अंकीय चित्र ठिपक्यांचे बनते आणि एका ठिपक्यात जेवढी जमीन मावते, तिचे एकच सरासरी मूल्य नोंदवले जाते. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटरांचा होता. त्यात दीड एकरापेक्षा थोडी जास्त जमीन. म्हणजे लासलगाव परिसरातली कितीतरी शेते त्या उपग्रहाला स्वतंत्र दिसलीच नाहीत. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए बायकोनूरहून गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरांचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठे, आणि दुसऱ्याचा त्याच्या निम्मा, सुमारे १३ गुंठे. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरांचा ठिपका देतो. दहा बाय दहा म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा. एक ठिपका, जवळपास एक गुंठा! विनामूल्य उपलब्ध असलेल्या या चित्रांत निफाड तालुक्याचा गुंठा न् गुंठा दर काही दिवसांनी नोंदला जातो आहे.

आता त्यात चाळ ठेवून पाहा. बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद छपराची दुपाखी चाळ धरू. सेंटिनेलच्या लेखी ती एक ठिपकासुद्धा पुरता भरत नाही, शेजारच्या मातीत मिसळून जाते. २००५ च्या कार्टोसॅट-१ मध्ये, अडीच मीटरांच्या ठिपक्याने, तिचे दहाएक ठिपके पडतील: काहीतरी लांबट आहे एवढे कळेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ ची नजर पाव मीटरच्या आसपास. त्यात तिचे साडेनऊशे ठिपके होतील आणि छपराचे पाखे वेगळे दिसतील. गावावर उडणाऱ्या ड्रोनचा ठिपका पाच सेंटिमीटरांचा धरला तर हाच आकडा चोवीस हजारांवर जातो. मग पत्र्यावर ठेवलेला दगडही दिसतो.

ठिपका मोठा असला तरी तो वारंवार मिळाला की वेगळेच सामर्थ्य येते. कोणत्या शेतात कोणते पीक आहे, हे ओळखणे हे खरे तर नाव झाकलेल्या नकाशाचेच कोडे, फक्त लाखो वेळा सोडवायचे. त्याची भारतीय परंपरा लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७० साली शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या गटाने केरळात आकाशातून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाची रोगट झाडे हुडकली. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते, आजारी पानाचे ते परावर्तन घटते. डोळ्याला दोन्ही झाडे हिरवीच दिसतात. त्याच तत्त्वावर पुढे पिकांचा अंदाज उभा राहिला. २०१४ साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने ‘चमन’ हा प्रकल्प सुरू केला. दिल्लीचे महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र आणि इस्रो यांनी सात फळपिके व भाजीपिकांचे क्षेत्र उपग्रहाने मोजायला घेतले. त्यांत कांदा होता.

कांदा हे या मोजणीतले अवघड पीक. शेते लहान, पात विरळ, आणि लागवड एकाच वेळी नाही. खरिपाचा लाल कांदा, मागून रांगडा, मग उन्हाळ. एकाच शिवारात एक शेत काढणीला आलेले आणि शेजारी रोप लावणे चालू, असे दृश्य डिसेंबर-जानेवारीत नेहमीचे. एका चित्रावरून हे सुटत नाही. म्हणून त्याच शेताची ओळीने अनेक चित्रे घेतात आणि हिरवेपणा कसा चढला, कसा उतरला याचा आलेख पाहतात. लागवडीनंतर साधारण चार महिन्यांत उन्हाळ कांद्याची मान पडते, पात वाळते, हिरवेपणा झपाट्याने उतरतो. उसाचा आलेख वर्षभर वरच राहतो. द्राक्षाचा छाटणीला दोनदा कोसळतो. खरिपात मात्र आकाश ढगांनी झाकलेले. तेव्हा रडारचे उपग्रह लागतात, त्यांच्या लहरी ढगातून आरपार जातात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ अशाच रडारचा आहे.

एवढे करूनही संगणकाला आधी कोणीतरी सांगावे लागते की अमुक अक्षांश-रेखांशावरचे शेत कांद्याचे आहे. माणूस शेतात जातो, पीक पाहतो, नोंद करतो, आणि त्या नोंदींवरून यंत्र बाकीची शेते ओळखायला शिकते. नोंद चुकली तर चूक हजारो ठिपक्यांत पसरते. कांद्याच्या क्षेत्राच्या आकड्यावर निर्यातीचे आणि साठ्याचे निर्णय होतात, निर्णयांवर लासलगावचा भाव हलतो. अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे या भागात कोणालाही सांगायला नको. म्हणून वरून पाहण्याचे हे शास्त्र इथल्या माणसांनी समजून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

इथल्या मातीला तशी नजर नवी नाही. महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ काळ्या शिवारात पांढुरक्या मातीचे टेकाड दिसले की थांबतात. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठून ती छटा येते. नाशिकच्या गोदाकाठच्या टेकाडावर १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, प्रवरेकाठचे दायमाबाद १९५८ मध्ये उजेडात आले. आज असे फिकट डाग उपग्रहचित्रातही शोधता येतात. काही खुणा तर कोणालाही चकवत नाहीत. बुलढाण्यातल्या लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ अचूक वर्तुळ पाहून ते विवर उल्काघाताचे, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झालेले उपग्रहाने टिपले. त्याचे कारण मात्र चित्रातून कळले नाही. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले.

हे सगळे घराच्या उंबऱ्यापर्यंत आले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांचे मोजमाप ड्रोनने होते. त्याआधी महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी हा प्रयोग करून पाहिला होता. वरून घेतलेल्या चित्रात छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. वळचण पुढे आलेली असते, चिंचेच्या झाडाखाली हद्द झाकलेली असते, दोन घरांचे पत्रे एकमेकांवर चढलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनला घराघरांतली सीमा कळावी म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा आखतात. पाच सेंटिमीटरांच्या ठिपक्यात ती रेघ स्वच्छ उमटते. त्यावरून नकाशा, नकाशावरून चौकशी आणि चौकशीनंतर मिळकत पत्रिका. आकाशातल्या इतक्या महागड्या नजरेचा खरेपणा शेवटी जमिनीवर मूठभर चुना कोणी, कुठे टाकला यावर उभा असतो.

निफाड तालुक्यातल्या शिक्षकांना एक विनंती. इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे दालन २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. वर्गात ते उघडा, नावे झाका आणि मुलांना आपले घर, विहीर, चाळ शोधायला सांगा. कशावरून ओळखले, ते लिहून घ्या. आणि वाचकहो, तुमच्या गावठाणाचे मोजमाप झाले असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या घराची हद्द नकाशावर एकदा स्वतः तपासा. अजून व्हायचे असेल तर चुना टाकण्याच्या दिवशी घरी थांबा.